क्रांतीचं कपाट

‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ अशी एक म्हण आमच्याकडे आहे. तिची उत्पत्ती ज्याला विचारावी तो वेगळी सांगतो, पण बाहेरगावच्या पाहुण्यासमोर ती म्हणताना प्रत्येक परभणीकराची छाती दोन बोटं फुगते. दुसरीही एक म्हण आहे : ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. ही बाहेरगावचे लोक आमच्यासमोर म्हणतात. आमच्या शाखेत बदलून आलेला प्रत्येक साहेब पहिल्या आठवड्यात ही दुसरी म्हण ऐकवतो आणि तीन वर्षांनी बदली झाली की डोळे पुसत पहिली म्हणतो.

तर या पहिल्या म्हणीला कागदोपत्री पुरावा देणारा मी पहिलाच परभणीकर आहे. कामगार चळवळीच्या इतिहासाचं दप्तर हा असा एक विषय आहे की ज्यात एकीकडे जर्मनी आहे आणि दुसरीकडे परभणी. जर्मनीचं दप्तर पुढं कुठं गेलं ते सांगतोच. परभणीचं माझ्या घरात आहे. स्वयंपाकघरातून न्हाणीघराकडे जाताना डाव्या हाताला.

आमच्या शाखेचं नूतनीकरण निघालं तेव्हा जिन्याखाली एक लोखंडी कपाट सापडलं. सापडलं म्हणजे ते सगळ्यांना रोज दिसत होतंच, त्यावर पाण्याचा जार ठेवलेला असायचा. पण त्याला आतली बाजूही आहे याचा सगळ्यांना विसर पडला होता. कपाट कर्मचारी संघटनेचं. किल्ली एका सेक्रेटरीने निवृत्त होताना दुसऱ्याला दिली, दुसऱ्याची बदली हिंगोलीला झाली. १९९९ साली हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला तेव्हा वाटणीत जे काही तिकडे गेलं, त्यात ही किल्लीही गेली असावी.

किल्लीवाल्याने कपाट उघडलं. आत पावतीपुस्तकं, सभांची इतिवृत्तं, बोनसची परिपत्रकं, मे दिनाचं एक लाल कापड, त्या कापडावर पोसलेली कसरीची तिसरी पिढी, आणि ऐंशीच्या दशकातल्या पत्रकांचा एक गठ्ठा. ‘संगणक आला तर आपण रस्त्यावर!’ असं त्या पत्रकांवर मोठ्या टायपात छापलेलं. आमचा शिपाई ते मोठ्याने वाचत असतानाच सर्व्हर बंद पडला आणि सगळी शाखा चहा प्यायला रस्त्यावर गेली. जुन्या पुढाऱ्यांना भविष्य दिसत होतं, एवढंच म्हणतो.

रद्दीवाल्याने गठ्ठे नुसते हाताने उचलून पाहिले. म्हणाला, “पंचेचाळीस किलो भरंल. बारा रुपये भाव.” मी बी.कॉम. असल्यामुळे गुणाकार तोंडी केला. पाचशे चाळीस रुपये. चाळीस वर्षांच्या चळवळीला भागलं तर दरसाल साडेतेरा रुपये. इतक्या कमी व्याजाने तर आमची बँकसुद्धा ठेवी घेत नाही. मी संघटनेच्या खात्यात पाचशे चाळीस रुपये भरले, पावती घेतली (तीही आता संग्रहात आहे) आणि कपाट हातगाडीवर घालून घरी आणलं.

“अहो, हे काय आणलंत?” सौभाग्यवतींनी दारातच अडवलं.

“इतिहास.”

“कोणाचा?”

“आमचा.”

“तुमचा एवढा आहे?” असं म्हणून तिने हातगाडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. दोन्ही नजरांत आदर नव्हता.

बँकेतल्या माणसाला कागद दिसला की तो आधी क्रमांक घालतो आणि मग वाचतो. मी एक लेजर आणलं, प्रत्येक चिटोऱ्याला क्रमांक दिला, आवक-जावक लिहिली, भेट देणाऱ्यांची वही ठेवली. तिच्यात पहिली सही माझी, दुसरी रद्दीवाल्याची. तो पुन्हा भाव विचारायला आला होता. आणि अशी खास कामगारांच्या इतिहासाची ग्रंथालयं जगात कुठं कुठं आहेत याची माहिती मी गोळा करू लागलो. ज्ञानाची हौस होतीच, पण मुख्य हेतू घरात नजीर दाखवण्याचा.

पहिली नजीर उत्तम निघाली. इंग्लंडात एडी आणि रूथ फ्रो नावाचं जोडपं होतं. तो यंत्रकामगार, ती शिक्षिका. १९५३ साली ओळख झाली, दोघांची पुस्तकं एकत्र आली आणि मग सुट्ट्यांत जुन्या गाडीतून गावोगावी हिंडून कामगार चळवळीची पुस्तकं, पत्रकं, बिल्ले जमवायचं वेड दोघांनाही लागलं. मँचेस्टरजवळच्या ओल्ड ट्रॅफर्डमधलं त्यांचं घर माळ्यापर्यंत भरलं. शेवटी १९८७ साली शेजारच्या सॅलफर्ड नगरपालिकेने एक सबंध इमारत दिली. आज ते ‘वर्किंग क्लास मूव्हमेंट लायब्ररी’ म्हणून ओळखलं जातं.

मी हे सगळं रंगवून सांगितलं. सौ. भाजी निवडत शांतपणे म्हणाली, “म्हणजे तिथं नवरा-बायको दोघंही तसलेच होते. इथं एकच आहे.”

नजीर फेटाळली गेली. मग मी थेट जर्मनी काढली.

मार्क्स हा मूळचा जर्मनीतल्या ट्रिअर गावचा. त्याचे आणि एंगल्सचे कागद जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या दप्तरात होते. १९३३ मध्ये हिटलर आला आणि असलं दप्तर बाळगणं म्हणजे घरात साप पाळण्यासारखं झालं. तेव्हा हे कागद गुपचूप सीमेपलीकडे डेन्मार्कला नेले आणि १९३८ साली ते ॲम्स्टरडॅमच्या एका संस्थेने विकत घेतले. ही समाजइतिहासाची संस्था १९३५ मध्ये पोस्थुमस नावाच्या प्राध्यापकाने काढलेली. आणि पैसा कोणाचा? एका विमा कंपनीचा! वाणिज्य शाखेच्या पदवीधराला याहून गोड बातमी कोणती? क्रांतीचे हस्तलिखित आणि विम्याचे हप्ते एकाच ताळेबंदात! पुढं १९४० मध्ये नाझी फौजा हॉलंडमध्येही आल्या, पण मार्क्स-एंगल्सचे कागद त्याआधीच इंग्लंडला पोचते झाले होते.

त्या दप्तरात कम्युनिस्ट जाहीरनाम्याच्या कच्च्या खर्ड्याचं एक पान आहे. एकच उरलंय. २०१३ साली युनेस्कोने ते जागतिक स्मृतींच्या यादीत घातलं. ज्या मजकुराने निम्मं जग हललं त्याचं एकच पान हाती लागावं आणि आमच्या शाखेच्या १९८६ सालच्या पाणी-व्यवस्थेबाबतच्या निवेदनाच्या मात्र तेवीस प्रती असाव्यात! इतिहास अशा बाबतीत फार पक्षपाती असतो.

मार्क्सचं अक्षर इतकं भयंकर होतं की घरची माणसं आणि एंगल्स सोडून फारसं कोणाला लागत नसे. १८६२ साली तंगीला कंटाळून त्याने लंडनमध्ये रेल्वेच्या कचेरीत नोकरीसाठी खटपट केली होती. अक्षर वाईट म्हणून नोकरी मिळाली नाही. हे वाचून मी तासभर सुन्न होतो. त्या दिवशी रेल्वेच्या साहेबाने जरा डोळेझाक केली असती तर? मार्क्स कारकून झाला असता, रजेचे अर्ज लिहीत बसला असता, आणि पाच वर्षांनी छापून आलेलं ‘भांडवल’ इन्क्रिमेंटच्या हिशेबात अडकून पडलं असतं.

हा किस्सा मी पूर्णेच्या काकांना सांगितला. हे वडिलांचे स्नेही. पूर्णा जंक्शनला मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. काका गदागदा हसले. “आरं, घेतलं असतं तर लंडनचा पहिला रेल्वे संप त्येनंच केला असता. साहेब हुशार होता म्हण की!”

आता तुम्ही म्हणाल, परदेशाचं पुरे, आपल्याकडे काय? आपल्याकडची गोष्ट तर याहून मजेची आहे. मुंबईत मार्क्सवादी पुस्तकांचं अगदी सुरुवातीचं एक ग्रंथालय उभं राहिलं ते पिठाच्या गिरणीच्या मालकाच्या पैशावर! रणछोडदास लोटवाला त्यांचं नाव. श्रीपाद अमृत डांगे तेव्हा जेमतेम बाविशीतले. १९२१ साली ‘गांधी विरुद्ध लेनिन’ हे इंग्रजी पुस्तक लिहून बसलेले. ते लोटवालांच्या नजरेस पडलं. मग परदेशातून पुस्तकं मागवली गेली, भाषांतरांना पैसा मिळाला, १९२२ मध्ये डांग्यांचं ‘सोशालिस्ट’ साप्ताहिक निघालं. मालकाच्या पैशाने मालकशाही उलथवण्याची पुस्तकं! आमच्या शाखेत याला कर्जदारानेच वसुली अधिकाऱ्याचा पगार भरणं म्हणतील. पण लोटवालांनी तो भरला, त्यांचं नाव या खात्यात जमेला धरायलाच हवं.

आणि सगळ्यांत काटेकोर ग्रंथपाल कोण म्हणाल? पोलीस! २० मार्च १९२९ रोजी देशभर धाडी पडल्या आणि मीरत कटाचा खटला उभा राहिला. आपल्याकडचे डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, गिरणी कामगारांतले आळवे आणि कासले, आणि बर्लिनहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आदल्याच वर्षाअखेरी परतलेले गंगाधर अधिकारी, असे सगळे पिंजऱ्यात. चळवळीतल्या माणसाच्या घरून उचललेलं पत्र, पुस्तक, पत्रक, पावती, काही म्हणजे काही पोलिसांनी टाकून दिलं नाही. सरकार पक्षाचे ३५०० दस्तऐवज, बचावाचे १५०० हून जास्त, ३२० साक्षीदार, पुराव्याचे छापील २५ खंड आणि ६७६ पानांचं निकालपत्र! १९३३ मध्ये निकाल लागेपर्यंत प्रत्येक चिटोऱ्यावर क्रमांक पडलेला होता. कार्यकर्त्यांच्या हाती राहिले असते तर त्यातले निम्मे कागद भज्यांच्या पुड्याला गेले असते. पुढं इतिहासकारांना त्यांनीच हात दिला. बादशाही सरकारने चळवळ मोडायला जे दप्तर बांधलं त्यात चळवळच सुखरूप राहिली. याला म्हणतात सेफ डिपॉझिट!

मात्र हे सगळं वाचताना एक गोष्ट मला टोचू लागली. कागद टिकले ते मोठ्या माणसांचे, आणि तेही गावापासून लांब. ना. म. जोशींनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. १९२० मध्ये आयटक स्थापन झाली तिच्यातही ते होते. त्यांचे कागद आज दिल्लीला तीन मूर्ती भवनाच्या आवारात आहेत. भारतीय कामगारांचं म्हणून जे अभिलेखागार निघालं ते नोएडाला, राष्ट्रीय श्रम संस्थेत. आपल्या मराठवाड्याचे स्वामी रामानंद तीर्थ संन्यास घेण्याआधी ना. म. जोशींच्या हाताखाली कामगारांचंच काम करत होते, हे आमच्या शाखेत किती जणांना ठाऊक असेल? मी विचारून पाहिलं. एकाने विचारलं, “त्याचा डी.ए.वर काही परिणाम होतो का?”

आणि परभणी? आमच्याकडे गिरणीचा भोंगा नाही, म्हणजे कामगार नाहीत असं पुष्कळांना वाटतं. मानवत-सेलूच्या जिनिंगमध्ये सरकी अंगावर घेणाऱ्या बाया, मोंढ्यातले हमाल, पूर्णेचे रेल्वेवाले, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी सबंध गावं, हे काय होते मग? त्या दुष्काळी कामांतून पुढं रोजगार हमीचा कायदा आला, तो १९७९ साली अमलात आला. पण खडी फोडणाऱ्याचा कागद एकच, हजेरीपट, आणि त्यावर त्याचा अंगठा. त्याने पुस्तक लिहिलं नाही, पत्रं लिहिली नाहीत आणि पोलिसांनी त्याच्यावर २५ खंड खर्चही केले नाहीत. त्याचा इतिहास कोणत्या कपाटात ठेवायचा?

याचं उत्तर पूर्णेच्या काकांच्या पत्र्याच्या पेटीत होतं. माझं कपाट ऐकून ठाऊक झालं तसा काकांचा निरोप आला, “पोरगं घर पाडून नवं बांधायलंय. पेटी तुझ्याकडं घेऊन जा, न्हाईतर ती विटांसंगं जाईल.”

पेटीत १९७४ च्या रेल्वे संपाचे कागद होते. ८ मे ते २७ मे असे वीस दिवस सबंध देशातली रेल्वे हलली होती. जॉर्ज फर्नांडिस पुढारी, लाखो कामगार संपात, हजारो तुरुंगात, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. माझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. काकांचं निलंबनाचं पत्र होतं, एक फाटका बिल्ला होता आणि शाळकरी पोराची असते तशी एक चाळीस पानी वही. वहीत रकाने पाडलेले : तारीख, नाव, काय दिलं. ‘ज्वारी दोन पायली.’ ‘तूरडाळ अर्धा शेर.’ ‘रोख रु. ३.’ ‘गोवऱ्या एक पाटी.’ संपाच्या वीस दिवसांत पूर्णेतल्या कामगारांच्या घरी चूल पेटावी म्हणून कोणी कोणी काय दिलं त्याचा हा जमाखर्च.

माझी बँकेतली नजर आधी शेवटच्या रकान्याकडे गेली. ‘परत’ असं वर लिहिलेलं आणि खाली सबंध रकाना कोरा. चाळीस पानं थकबाकी! मी म्हणालो, “काका, हे सगळं बुडीत खाती गेलं की!”

काका चष्मा पुसत म्हणाले, “आखायला आखला रकाना. वही आखताना वाटलं, परत करू. मागून एकेकाला इचारायला गेलो तर कोणी घ्यायनाच. मग कोराच ठिवला.”

लेजरमध्ये या वहीला क्रमांक ३१२ आहे. ती कोणत्या सदराखाली घालावी हे मला आजही ठरवता आलेलं नाही. देणी म्हणावीत तर मागणारा कोणी नाही. येणी म्हणावीत तर देणारेच मोंढ्यातले हमाल आणि भाजीवाल्या. बी.कॉम.च्या तीन वर्षांत असलं खातं कोणी शिकवलं नव्हतं.

भेटीच्या वहीत आता अकरा सह्या आहेत. त्यातली सातवी एका कॉलेजातल्या मुलीची. प्रकल्पासाठी मोंढ्यातल्या हमालांची माहिती हवी होती, कोणीतरी माझं नाव सांगितलं. मी तिला वही क्रमांक ३१२ दिली आणि चहा सांगायला आत गेलो. बाहेर आलो तर पोरगी एका पानावर बोट ठेवून गप्प बसलेली. तिथं तिच्या आजोबांचं नाव होतं. पुढं ‘ज्वारी एक पायली’ आणि त्यापुढं निळ्या शाईतला अंगठा.

“आजोबा मी चार वर्षांची असताना गेले,” ती म्हणाली. “त्यांचा एक फोटोसुद्धा घरात नाही. त्यांना लिहिता यायचं नाही, म्हणून त्यांचं काही लिहिलेलं कुठं असंल असं कधी वाटलंच नाही.”

तिने मोबाईलवर त्या पानाचे फोटो काढले. मग जरा थांबून विचारलं, “काका, अंगठ्यावर बोट ठेवलं तर चालंल का?” ग्रंथालयाच्या नियमांत दस्तऐवजाला हात लावायला सक्त मनाई आहे. नियम मीच केलेले असल्यामुळे मी खिडकीकडे बघत उभा राहिलो.

चहाचा कप घेऊन आमची सौ. दारात उभी होती. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून डांबरगोळ्यांची पुडी आणि अर्धा मीटर मलमल आली. वही आता मलमलीत असते आणि कपाटाच्या वरच्या खणातले लोणच्याचे दोन बरणे कोणी न सांगता खाली उतरले आहेत. सॅलफर्डच्या नगरपालिकेने सबंध इमारत दिली, मला एक खण मिळाला. क्षेत्रफळाच्या मानाने माझा विजय मोठा आहे.

राहता राहिला प्रश्न ग्रंथालयाच्या वेळेचा. नियमांत पहिलंच कलम आहे : ‘रविवारी बंद.’ हे कलम मी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ घातलं आहे. मांडवीच्या गिरणीत भांडारप्रमुख असलेल्या या माणसाने ‘दीनबंधु’ पत्र चालवलं, १८८४ साली साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढं ठेवला आणि सहा वर्षं चिकाटीने लढून १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. साडेपाच हजार सह्या! आमच्याकडे तेवढ्या नुसत्या पडताळायच्या म्हटल्या तर दोन माणसं रजेवर जातील. अशा माणसाने मिळवलेल्या रविवारी काम करणं ही त्यांची अवहेलना आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि दुपारच्या जेवणानंतर ते अधिकच ठाम होतं.

“पण इतर दिवशी तर तुम्ही बँकेत असता,” सौ. म्हणाली. “मग हे उघडणार कधी?”

प्रश्न बिनतोड होता. पण १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी आहे, आणि तीही कोणी फुकट दिलेली नाही. त्यासंबंधीचं परिपत्रक क्रमांक ८८ वर आहे. तेव्हा परभणीचं कामगार इतिहास ग्रंथालय दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, सकाळी दहा ते बारा उघडं असतं. येताना घरातली एखादी जुनी पावती, बिल्ला, हजेरीची चिठ्ठी असेल तर घेऊन या. रद्दीवाल्यापेक्षा किलोमागे एक रुपया जास्त देईन. चहा वेगळा.